दिवसा जळणारे दिवे: जुन्या गाडीचे डीआरएल काढायचे का?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं', 'तर काय' आणि चहाचे घोट काढून टाकलेत.

आजचा विषय छोटासा वाटेल. गाडीच्या पुढच्या दिव्यांचा. गाडी सुरू केली की भर दुपारीसुद्धा आपोआप लागणारे दिवे, म्हणजे डीआरएल. आणि प्रश्न असा, की पंधरा-वीस वर्षं जुन्या छोट्या गाडीचे हे दिवे कायमचे बंद करावेत का? करायचे तर कसे?

मी कॅनडात, ऑन्टारिओमध्ये राहतो. इथे आलेली आपली मुलं पहिली गाडी घेतात ती अशीच, सेकंडहँड, जुनी, कॉम्पॅक्ट. आणि पहिल्या हिवाळ्यात दोन-तीन जण तरी मला हाच प्रश्न विचारतात. म्हणून म्हटलं, एकदा नीट बोलूया.

पण सुरुवात आपल्याकडून करतो. तुम्ही पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात टू-व्हीलर चालवली असेल तर हे आठवेल. दुपारी हेडलाईट चालू राहिला की समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करून बोटांची उघडझाप करून दाखवायचा. 'अहो, लाईट चालूय!' अनोळखी माणसं, पण काळजीनं सांगायची. मग १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट सतत चालू राहण्याची सक्ती आली, बटणच गेलं. तरी कितीतरी दिवस लोक हात करत होते. काका-मामा शोरूममध्ये भांडत होते, 'बॅटरी उतरेल ना हो!' आणि काही जण थेट वायरिंगवाल्याकडे जाऊन पन्नास-शंभर रुपयांत वेगळं बटण बसवून घेत होते.

म्हणजे बघा, दिवसा दिवा कशाला जाळायचा, हा प्रश्न आपल्या अंगातच आहे. घरातसुद्धा आई ओरडायची. त्यामुळे डीआरएल काढावेसे वाटणं अगदी साहजिक आहे. त्यात कुणी मूर्ख नाही.

आता हे दिवे आले कुठून? उत्तरेकडच्या देशांतून. तिथे हिवाळ्यात सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजाला टेकल्यासारखा असतो. लांब सावल्या, करडं आभाळ, करडा रस्ता, आणि त्यावर करडी गाडी. फिनलंडनं १९७२ मध्ये शहराबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसा दिवे लावायची सक्ती केली. स्वीडननं १९७७ मध्ये वर्षभरासाठी केली. १९९० पर्यंत नॉर्वे, आइसलंड, डेन्मार्क हे सगळे आले. कॅनडानं १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना डीआरएल बंधनकारक केले. अमेरिकेत सक्ती कधीच झाली नाही. तिथे १९९३ मध्ये केंद्रीय नियमानं परवानगी दिली आणि जनरल मोटर्सनं १९९५ च्या मॉडेलपासून स्वतःहून हे दिवे द्यायला सुरुवात केली. युरोपीय संघात नव्या प्रकारच्या मोटारींना फेब्रुवारी २०११ पासून सक्ती आली.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आज नव्या गाड्यांत डोळ्याच्या भुवईसारखी एलईडीची पांढरी पट्टी दिसते, ती वीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गाडीत नव्हती. नियम तर पाळायचा होता, खर्च तर वाढवायचा नव्हता. मग कंपन्यांनी काय केलं? जे दिवे आधीच गाडीत आहेत त्यांनाच दिवसपाळी लावली.

याचे तीन प्रकार तुम्हाला जुन्या गाडीत दिसतील. ऐकताना तुमची गाडी कुठल्या प्रकारात बसते ते बघा.

पहिला प्रकार, डिप्परचे बल्ब दिवसभर जळतात. पूर्ण ताकदीनं किंवा किंचित कमी. सरळ हिशोब.

दुसरा प्रकार, अप्परचे बल्ब कमी व्होल्टेजवर जळतात. काही गाड्यांत यासाठी दोन्ही अप्पर एकाच ओळीत, सिरीजमध्ये जोडलेले असतात. दिवाळीच्या माळेसारखे. बारा व्होल्ट दोघांत वाटले जातात, प्रत्येकाला निम्मे. प्रकाश पिवळट, मंद. पण तो अप्परच्या आरशातून येतो, म्हणून समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. अमेरिकेच्या नियमात अशा दिव्याला ७००० कँडेलापर्यंत मुभा होती. युरोपातल्या खास डीआरएलची मर्यादा १२०० कँडेला. यावरून कळेल, की 'समोरच्याच्या गाडीचा दिवसाही त्रास होतो' अशी तक्रार त्या काळात अमेरिकेत का वाढली.

तिसरा प्रकार, पुढचे इंडिकेटर सतत पेटलेले. वळताना त्या बाजूचा उघडझाप करतो, बाकी वेळ दोन्ही चालू.

तुमच्या गाडीत कुठला, हे शोधायला काही लागत नाही. गाडी सुरू करा, हँडब्रेक सोडा, पाय ब्रेकवर ठेवा, आणि मित्राला समोर उभा करून फोटो काढायला सांगा. बाजूला उभा करा म्हणजे, बरं का, बंपरच्या पुढ्यात नको.

आता लोक हे दिवे का काढतात? मला आजवर मिळालेली कारणं चार. एक, बल्ब सारखे उडतात. दोन, पेट्रोल जळतं. तीन, बॅटरी उतरते. चार, कुठेतरी गाडी उभी असताना दिवे नको असतात. यातलं एकेक कारण घेऊ, कारण माझं म्हणणं सगळं त्यातच आहे.

पहिलं कारण, बल्ब. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा आला. नाशिकचा. इथे कॉलेजात शिकतो, शनिवार-रविवार एका गोदामात रात्रपाळी करतो. त्याच्याकडे २००३ ची एक सेडान. कुठल्या कंपनीची ते सोडा, कारण दोष कंपनीचा नव्हताच. डीआरएल पहिल्या प्रकारचे, डिप्परवर चालणारे. म्हणाला, "दादा, चार महिन्यांत पाच बल्ब झाले. तुम्ही मला फक्त ती वायर कुठली ते सांगा. मी कापतो आणि विषय संपवतो."

मी म्हटलं, "वायर कापायला दोन मिनिटं लागतात रे. आधी मीटर आणू दे."

साधा मल्टिमीटर. वीस डॉलरच्या आत येतो, भारतात तर तीन-चारशे रुपयांत. इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर लावला, १२.६ व्होल्ट. उत्तम. मग गाडी सुरू केली, दहा मिनिटं गरम होऊ दिली, थोडा रेस दिला. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. कडक थंडीत थोडं वर गेलं तरी चालतं. याच्या मीटरवर १५.४.

म्हणजे अल्टरनेटरमधला रेग्युलेटर गेला होता. चार्जिंगवर लगाम नव्हता. आणि हॅलोजन बल्बचं गणित फार कडक असतं. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. दहा टक्के वाढलं तर तीन-चार पटींनी घटतं. आता १४ च्या जागी १५.४, म्हणजे बरोब्बर दहा टक्के जास्त. जो बल्ब वर्षभर जायचा तो तीन महिन्यांत राम म्हणणार.

बॉनेट उघडलं तेव्हा बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा हलका वाससुद्धा येत होता. ओव्हरचार्ज झालेली बॅटरी असा वास मारते. तो वास आला की तिथे लायटर, सिगारेट, ठिणगी काही नको. निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

विचार करा, त्या दिवशी ती वायर कापली असती तर काय झालं असतं? बल्ब उडायचे कमी झाले असते. पोरगं खूश. आणि अल्टरनेटर बॅटरीला रोज उकळत राहिला असता. मग एखाद्या रविवारी पहाटे चारला, उणे पंधरा डिग्रीत, गोदामाबाहेर गाडी मेली असती. उडणारे बल्ब ही तक्रार नव्हती, सूचना होती.

त्यानं भंगारातून चांगल्या गाडीचा अल्टरनेटर मिळवला, आम्ही तो बदलला. बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही एवढं शिकवलं. बोटाचं तेल काचेला लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. टिश्यूनं धरायचा. बस, त्यानंतरचा अख्खा हिवाळा एकही बल्ब गेला नाही.

म्हणून पहिला नियम. बल्ब सारखे जात असतील तर दिवा काढू नका, आधी व्होल्टेज मोजा. मग कनेक्टर बघा, वितळलाय का, गंजलाय का. एकाच बाजूचा बल्ब सारखा जात असेल तर बहुतेक वेळा कनेक्टर, सैल होल्डर किंवा हेडलाईटमध्ये शिरलेलं पाणी. दोन्ही बाजूंचे जात असतील तर चार्जिंग.

दुसरं कारण, पेट्रोल. हा आक्षेप खोटा नाही, पण हिशोब करून बघू. डिप्परचे दोन बल्ब, ५५ वॉटचे, म्हणजे ११० वॉट. अल्टरनेटर काही शंभर टक्के काम करत नाही, साधारण निम्मी ऊर्जा वाया जाते. म्हणजे इंजिनाकडून २०० वॉट. इंजिनसुद्धा पेट्रोलातली पाव ऊर्जाच कामाला लावतं, म्हणजे पेट्रोलातले ८०० वॉट. एका लिटर पेट्रोलात जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. भागाकार केला की तासाला अंदाजे ९० मिलीलिटर. चहाच्या एका कपाएवढं. दिवसाला एक तास गाडी चालवणाऱ्याला वर्षाला तीसेक लिटर. अगदीच शून्य नाही! शहरात हळू चालणाऱ्या छोट्या गाडीत हे काही टक्क्यांपर्यंत जातं.

पण दुसऱ्या प्रकारचे, मंद अप्पर असतील तर खर्च याच्या एक तृतीयांश. आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याहून जास्त पेट्रोल तिथेच जातं. महिन्यातून एकदा हवा तपासा, डीआरएलचा खर्च निघून जाईल.

तिसरं कारण, बॅटरी. इथे गल्लत होते. इंजिन चालू असताना दिव्यांची वीज अल्टरनेटर देतो, बॅटरी नाही. त्यामुळे चालत्या गाडीत डीआरएलनं बॅटरी उतरत नाही. पण गाडी बंद करून चावी काढल्यावरही दिवे चालूच राहत असतील किंवा सकाळी बॅटरी बसलेली असेल, तर ते वेगळं प्रकरण. तिथे रिले चिकटलेला असू शकतो किंवा डीआरएलचं मॉड्यूल बिघडलेलं. मॉड्यूलला हात लावून बघा, गाडी बंद करून तासानंतरही कोमट लागलं तर चोर सापडला. अशा वेळी मॉड्यूल बदलेपर्यंत तेवढा भाग बंद ठेवणं योग्यच आहे.

चौथं कारण मला सगळ्यात पटतं. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि दिवे नको आहेत. ड्राइव्ह-इन सिनेमा, कुणाच्या खिडकीत उजेड जातोय, सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या डोळ्यांवर झोत जातोय. यासाठी काही कापायची, काढायची गरजच नाही. बऱ्याच जुन्या जपानी आणि अमेरिकन गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असताना इंजिन सुरू केलं तर हँडब्रेक सोडेपर्यंत डीआरएल लागतच नाहीत. तुमच्या गाडीत आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअल हरवलं असेल तर पार्किंगमध्ये करून बघा.

पण यातूनच एक भयंकर जुगाड निघालाय, तो ऐकून ठेवा आणि करू नका. काही लोक हँडब्रेक एक खटका ओढून ठेवतात आणि तशीच गाडी चालवतात. डीआरएल बंद, ब्रेक तर 'फारसा' लागत नाही. अरे, पण मागचे ब्रेक घासतात, तापतात. आणि त्याहून वाईट म्हणजे डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा कायम चालू राहतो. अनेक गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचं सांगतो. तुम्ही तो रोज बघून बघून दुर्लक्ष करायला शिकता. मग ज्या दिवशी खरंच ऑइल गळेल त्या दिवशी सांगणार कोण?

बरं, आता मुद्द्याचा मुद्दा. नाशिकच्या त्या मुलाला अल्टरनेटर बदलल्यावर मी म्हटलं, "संध्याकाळी साडेपाचला खाली ये. गाडी नेहमीसारखी सुरू कर आणि माझ्याबरोबर मागे ये."

नोव्हेंबर होता. अंधार पडत आला होता. गाडीच्या पुढे भिंतीवर छान उजेड. मागे गेलो तर काळोख. टेल लाईट बंद. नंबर प्लेटचा दिवा बंद. करड्या रंगाची गाडी, करडं आभाळ, आणि मागून काहीही नाही.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, मी रोज असाच जातो. मला वाटायचं दिवे ऑटोमॅटिक आहेत."

हे त्याचं एकट्याचं नाही. जुन्या गाड्यांत डीआरएल म्हणजे फक्त पुढचे दिवे. मागचे लागत नाहीत. शहरात रस्त्यावर दिवे असतात, पुढे थोडा उजेड पडतोय, चालवणाऱ्याला वाटतं सगळं चालू आहे. मागून शंभरच्या वेगानं येणाऱ्याला मात्र तुम्ही दिसत नाही. कॅनडात अशा गाड्यांना भुताच्या गाड्या म्हणतात. हा त्रास इतका वाढला, की सप्टेंबर २०२१ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना नियम आला. एक तर डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागले पाहिजेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर डॅशबोर्ड काळा राहिला पाहिजे, म्हणजे चालवणाऱ्याला कळेल. पण तुमच्या २००३ च्या गाडीला हा नियम लागू नाही. तिथे तुम्हीच ऑटोमॅटिक.

म्हणून डीआरएल काढायचे की ठेवायचे, या वादात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. डीआरएल म्हणजे हेडलाईट नव्हे. ऑन्टारिओचा कायदा सांगतो, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत पूर्ण दिवे हवेत. शिवाय १५० मीटरवरचं स्पष्ट दिसत नसेल तेव्हाही हवेत, मग दुपार का असेना. पाऊस, धुकं, बर्फ, सगळं त्यात आलं. आंबोलीत, माळशेजला, वरंध घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे पुढच्याचा लाल ठिपका हाच आपला रस्ता असतो.

आता, एवढं सगळं ऐकूनही तुम्हाला डीआरएल बंद करायचेच असतील, तर कसे करायचे, तेही सांगतो. अर्धवट ज्ञानानं वायर कापण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात आधी, तुम्ही जिथे आहात तिथला नियम. अमेरिकेत केंद्रीय सक्ती नाही, राज्याराज्यांचे नियम वेगळे. कॅनडात गाडी बनवताना आणि आयात करतानाच डीआरएल लागतात. अमेरिकेतून गाडी आणली तर ते बसवून घ्यावे लागतात. त्यामुळे इथे काढण्याआधी प्रांताचा नियम आणि तुमची इन्शुरन्स, दोन्ही विचारून घ्या. लेखी विचारा. गाडी विकताना सेफ्टीची तपासणी होते, त्यात दिवे बघतात, हेही लक्षात ठेवा.

दुसरं, जे कराल ते परत जोडता येईल असं करा. कात्री नको. उदाहरण देतो. फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फ आणि जेट्टा, अमेरिकेत साधारण १९९९ ते २००५ मध्ये विकल्या गेलेल्या. यांत स्टिअरिंगच्या डावीकडे दिव्यांचा गोल खटका असतो. तो शून्यावर ठेवून आत दाबायचा, किंचित उजवीकडे फिरवायचा आणि बाहेर ओढायचा, अख्खा खटका हातात येतो. मागच्या पिनांपैकी एकीजवळ 'टीएफएल' असं लिहिलेलं असतं. जर्मनमध्ये टाग-फार-लिष्ट, म्हणजे दिवसा गाडी चालवतानाचा दिवा. लोक ती पिन वाकवतात. मी म्हणेन वाकवू नका, मोडते. तिच्यावर इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा नीट गुंडाळा आणि खटका परत बसवा. डीआरएल बंद, बाकी दिवे खटक्यानं नेहमीसारखे चालू. उद्या मन बदललं तर टेप काढली की झालं.

तिसरं, फ्यूज काढायचा विचार असेल तर आधी बघा, त्या फ्यूजवर आणखी काय काय आहे. काही गाड्यांत एकाच फ्यूजवर दुसरंही सामान असतं. तसंच मॉड्यूलचं. काही गाड्यांत हेडलाईटची वीजसुद्धा डीआरएलच्या मॉड्यूलमधूनच जाते. ते उपटलं की रात्री डिप्परच नाही. म्हणून काहीही काढल्यावर तिथेच सगळं तपासा. डिप्पर, अप्पर, पासिंग, इंडिकेटर, पार्किंग, टेल, ब्रेक, नंबर प्लेट. एकानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं गाडीभोवती फिरायचं. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावायचा नाही, कशासाठीही नाही.

चौथं, डीआरएल काढले तर त्याची जागा सवयीनं भरून काढा. सीट बेल्ट लावला की दिव्यांचा खटका फिरवायचा. दिवस असो की रात्र. हसू येईल, कारण मग काढले कशाला? पण बघा, खटका फिरवला की मागचे दिवेही लागतात. म्हणजे तुम्ही डीआरएलपेक्षा चांगलं काहीतरी करताय.

आता एक प्रामाणिक गोष्ट. डीआरएलनं अपघात खरंच कमी होतात का? यावर एकमत नाही. कॅनडातल्या अभ्यासांत दिवसा समोरासमोर आणि बाजूनं होणाऱ्या धडका काही टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं २००८ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकूण परिणाम आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, आणि तिथे सक्ती आली नाही. देश उत्तरेला असेल तर फायदा जास्त असणं तर्काला धरून आहे, कारण तिथे उजेडच कमी. मोटरसायकलवाल्यांचीही एक जुनी तक्रार आहे. सगळ्याच गाड्यांना दिवे लागले तर दिवा लावलेली मोटरसायकल त्यात हरवते. तीही विचार करण्यासारखी आहे.

म्हणजे डीआरएल काही देव नाहीत आणि काढणारा काही पापी नाही. माझं म्हणणं इतकंच, की काढायच्या आधी स्वतःला विचारा, मला नेमका त्रास कशाचा आहे? बल्बचा असेल तर मीटर लावा. पेट्रोलचा असेल तर हवा तपासा. बॅटरीचा असेल तर रिले बघा. उभ्या गाडीचा असेल तर हँडब्रेक आहेच. एवढं करून बहुतेकांना कळतं, की दिवा काढायची गरजच नव्हती. आणि ज्यांना खरंच गरज असते, त्यांनी टेपनं करावं, कात्रीनं नाही.

आमच्या त्या मुलानं काय केलं, तर डीआरएल तसेच ठेवले. चावी फिरवल्यावर खटका फिरवायचा, हे त्यानं स्टिअरिंगवर मार्करनं लिहिलेली चिकटपट्टी लावून स्वतःला शिकवलं. आता पट्टी निघून गेली, सवय राहिली. मागच्या महिन्यात त्यानं तिच्यातच गोदामातल्या दोन मित्रांना घरी सोडलं, आणि त्यांच्या गाड्या बाहेर आणून दोघांचे टेल लाईट बघितले म्हणे. एकाचा डावा गेलेला होता.

तर तुमच्यासाठी आजचा गृहपाठ. आज संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी, गाडी नेहमीसारखी सुरू करा. हँडब्रेक नीट ओढा, गिअर न्यूट्रलला किंवा पार्कला. उतरा. आणि फक्त मागे जाऊन उभे राहा. स्कूटर असेल तरी हेच करा, भारतात असाल तरी. पुढचा दिवा सतत चालू असतो म्हणून मागचा गेलेला महिनोन्महिने कळत नाही. मागे लाल दिसलं तर छान. नाही दिसलं तर बल्ब बदला, तो काही महाग नसतो.

कुणाच्या गाडीत काय सापडलं ते मला व्हॉइस नोटनं नक्की पाठवा. आणि गाडी कुठली, डीआरएल तीनपैकी कुठल्या प्रकारचे, तेही सांगा. पुढच्या भागात हेडलाईटची पिवळी पडलेली काच घरच्या घरी कशी साफ करायची, आणि टूथपेस्टनं ती खरंच साफ होते का, यावर बोलू.

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर फोनला हात लावू नका, पुढचा भाग आपोआप लागेल. सांभाळून जा. भेटू!